बटण मशरूममधली हिरवी बुरशी: या चुका टाळा

पिशवीत हिरवा डाग दिसला की धावपळ सुरू होते. पण हिरवा रंग म्हणजे बुरशीला बीजाणू धरले. त्याआधी ती पांढरीच असते, आणि नवखे तिला स्पॉनची, म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेल्या मशरूमच्या बियाण्याची, वाढ समजून खूश होतात.

'माझं कंपोस्ट चांगलं आहे, मला काय होतंय?' ही सगळ्यात महागडी समजूत. 1985 पर्यंत ट्रायकोडर्मा, म्हणजे हीच हिरवी बुरशी, कच्च्या कंपोस्टची खूण मानत. त्या वर्षी उत्तर आयर्लंडमध्ये तिचा असा प्रकार निघाला, की उत्तम कंपोस्टमध्येही पसरला. डागाच्या जागी एक मशरूम उगवेना. 1990 च्या दशकात अमेरिका-कॅनडातही तेच झालं. 2002 मध्ये तिला ट्रायकोडर्मा अग्रेसिव्हम हे वेगळं नाव मिळालं. म्हणून कंपोस्ट कितीही चांगलं असलं तरी स्वच्छता चुकत नाही.

स्पॉनिंगचा, म्हणजे कंपोस्टमध्ये स्पॉन मिसळण्याचा, दिवस सगळ्यात धोक्याचा. स्पॉनचे दाणे म्हणजे आयतं पिठूळ खाद्य. मशरूमचे तंतू कंपोस्टभर पसरेपर्यंत बुरशीला मोकळं रान. बीजाणू चिकट असतात. हात, कपडे, अवजारं, माश्या आणि बारीक कोळी (माइट) यांच्यावरून ते प्रवास करतात. स्पॉनिंगच्या आदल्या दिवशी टेबल आधी घासून धुवा, मगच 2 टक्के फॉर्मेलिन मारा. मळावर मारलेलं औषध वाया जातं. काम नव्या खोलीतून जुन्या खोलीकडे, उलट कधीच नाही. आणि सकाळी हळदीला रोग लागू नये म्हणून ट्रायकोडर्मा पावडर चोळलेले हात दुपारी स्पॉनमध्ये घालू नका. ती जात वेगळी असली तरी बुरशी ती बुरशीच.

पाश्चरायझेशन, म्हणजे कंपोस्ट तापवून जंतू मारणं, 57 ते 60 अंशांवर 6 ते 8 तास. तापमान कंपोस्टच्या पोटात मोजा, हवेत नव्हे. अमोनियाचा वास येत असेल तर स्पॉन घालायला थांबा. एक दिवस वाचवणाऱ्यांचं पीक जातं, हे सांगूनही कोणी ऐकत नाही.

जास्त स्पॉन घालून शर्यत जिंकता येत नाही. 100 किलो कंपोस्टला 600 ते 750 ग्रॅम पुरे.

डाग खरवडू नका, त्यावर पाणी मारू नका. दोन्हींनी बीजाणू शेडभर पसरतात. पंखा बंद करा, डागावर ओला कागद अलगद ठेवा आणि कडेच्या बाहेरपर्यंत जाडं मीठ घाला. हे काम तोडणी संपल्यावर, सगळ्यात शेवटी. मग हात धुवा, कपडे बदला.

पीक संपल्यावर सोय असेल तर खोलीला वाफ द्या: 70 अंश, 12 तास. नसेल तर पिशव्यांची तोंडं बांधूनच बाहेर काढा आणि शेडच्या दाराशी ढीग लावू नका. वारा तिकडूनच आत येतो.