कार्यालयात परतण्याचा आदेश आणि कपातीची धास्ती: आयटी कर्मचाऱ्याने काय करावे

टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येणे बंधनकारक केले, २०२४ मध्ये व्हेरिएबल पे (पगाराचा कमी-जास्त होणारा भाग) हजेरीला जोडला, जून २०२५ मध्ये वर्षभरात बेंचवर, म्हणजे कोणत्याही प्रकल्पाविना, राहण्याची मर्यादा ३५ दिवसांवर आणली आणि जुलैमध्ये सुमारे १२,००० जणांना, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्क्यांना, कमी करण्याचे जाहीर केले. हा क्रम पाहिलेल्या हिंजवडी-खराडीतल्या अभियंत्याला परतीच्या आदेशातच कपातीची चाहूल लागत असेल, तर त्याची भीती निराधार म्हणता येणार नाही.

आदेश आला की आधी नेमणूकपत्र काढून वाचावे. बहुतेक पत्रांत कामाचे ठिकाण ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असतो, त्यामुळे केवळ घरून काम चांगले होते एवढ्या आधारावर नकार टिकत नाही. रागाने घरी बसून राहणे सर्वांत धोक्याचे, कारण त्याची नोंद अनधिकृत गैरहजेरी म्हणून होते आणि काढण्याचे कारण आयतेच हाती दिले जाते. त्याऐवजी मुदत मागावी. सोलापूर किंवा लातूरला कुटुंब हलवलेल्याने मुलांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपेपर्यंत सवलत हवी, असे तारखेसह ई-मेलने लिहावे. आजारपण असल्यास वैद्यकीय कागद जोडावेत. लहान मूल असलेल्यांनी पाळणाघराची विचारणा जरूर करावी, कारण ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर ती सोय करण्याचे कायदेशीर बंधन आहे. व्यवस्थापकाशी तोंडी बोलणे झाले, तर त्याच दिवशी त्याचा सारांश त्यालाच ई-मेलने पाठवावा.

नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, वार्षिक मूल्यांकन आणि हजेरीच्या नोंदी यांच्या प्रती आत्ताच स्वतःकडे घ्याव्यात. लॅपटॉपचे लॉगिन एकदा बंद झाले की त्या मिळवणे कठीण होते. मात्र ग्राहकाची कागदपत्रे किंवा कोड यांना हात लावू नये.

खरा प्रसंग एचआरच्या बंद खोलीतला असतो. ‘आजच पेपर टाका, नाहीतर टर्मिनेट करू आणि रिलीव्हिंग लेटरवर तसे लिहू’ असे सांगितले जाते आणि पुढची नोकरी डोळ्यांसमोर आलेला माणूस सही करून मोकळा होतो. त्या सहीने कपातीचे रूपांतर स्वेच्छेच्या राजीनाम्यात होते आणि भरपाईचा हक्क जवळपास संपतो. म्हणून तिथे सही करू नये. मागणी लेखी द्या, विचाराला वेळ द्या, एवढेच शांतपणे म्हणावे. दडपणाखाली सही झालीच असेल, तर राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही, असा ई-मेल त्याच दिवशी पाठवावा. कंपनी देत असलेली रक्कम कायद्याने मिळणाऱ्या रकमेपेक्षा खरोखर जास्त असेल, तर राजीनामा देण्यातही शहाणपण असू शकते, पण तो हिशेब सहीच्या आधी मांडलेला हवा.

हिशेब असा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो; शिवाय कमी केलेल्यांना नवे कौशल्य शिकता यावे यासाठीच्या पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यात जमा व्हायला हवा. वेतन संहितेनुसार कामावरून कमी केल्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. पाच वर्षे पूर्ण झाली असल्यास ग्रॅच्युइटी वेगळी. व्यवस्थापकीय काम करणारे ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत, परंतु त्यासाठी पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते. ‘लीड’ म्हणवला जाणारा पण दिवसभर कोड लिहिणारा अभियंता आपोआप बाहेर पडत नाही.

कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशीच संपतो, तेव्हा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज त्यापूर्वीच करावा.

काढून टाकले गेल्यास संबंधित कामगार स्वतः, संघटनेशिवायही, कामगार विभागाच्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते, मात्र काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत.