आज्जीची वर्षाची चटणी, वजनकाट्यावर मोजून

कोल्हापुरात चटणी म्हटलं की बरणीतली, वर्षभराची, कांदा-लसूण घातलेली लाल चटणी. मटणाचा रस्सा असो, मिसळीचा कट असो की मटकीची उसळ, फोडणीत पडणार तीच. आणि प्रत्येक घरची वेगळी.

आमच्या आज्जीला प्रमाण विचारलं की उत्तर ठरलेलं, "अंदाजानं घालायचं की गं." त्यामुळे एका उन्हाळ्यात मी वजनकाट्यावर रिकामं पातेलं ठेवलं आणि तिला म्हटलं, आधी यात टाक, मग कढईत. तिच्या पाच मुठी धने २०० ग्रॅम भरले. तुमच्याही घरी सुरुवात इथूनच करा. तोंडी सांगितलेलं आणि हातानं घातलेलं यात बराच फरक निघतो.

आमचं प्रमाण असं: ६०० ग्रॅम ब्याडगी आणि ४०० ग्रॅम संकेश्वरी मिरची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, २०० ग्रॅम धने, १०० ग्रॅम तीळ, १०० ग्रॅम आलं, ५० ग्रॅम जिरं, २५ ग्रॅम खसखस, ५० ग्रॅम हळकुंड, पाव किलो खडे मीठ. लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, मसाला वेलची प्रत्येकी १० ग्रॅम, चार-पाच तमालपत्रं आणि थोडा हिंग. तेल लागेल तसं.

मिरच्या मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. डेखं ऊन लागल्यावरच खुडा, पटापट निघतात. हाताला आधी तेल चोळा. नाहीतर रात्रभर हात भगभगतील, आणि चुकून डोळ्याला लागला तर विचारूच नका.

खरं काम कांद्याचं. पातळ उभा चिरून दोन दिवस वाळवायचा, मग थोडा थोडा तेलात तळायचा. नुसता गुलाबी झाला की काढायचा नाही. गडद तपकिरी हवा, गार झाल्यावर बोटांत चुरचुर मोडला पाहिजे. एका वर्षी मी घाई केली आणि मऊ कांदाच डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, नेला. श्रावणात बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी! आल्याचंही तसंच, पातळ काप करून खडखडीत वाळवायचं.

खोबरं, तीळ, खसखस मंद आचेवर कोरडंच भाजा. धने-जिरे आणि खडा मसाला चमचाभर तेलात, एकेक वेगळा. लवंग फुगते तोवर दगडफूल करपलेलं असतं, म्हणून एकत्र टाकू नका. हळकुंडं आणि हिंग तळून घ्या.

डंकावर आधी मिरची, मीठ, हळकुंडं कुटून चाळून घ्यायची, मग खडा मसाला आणि धने-जिरे. कांदा, लसूण, आलं, खोबरं, तीळ, खसखस शेवटी, आणि मग सगळं पुन्हा एकदा एकत्र. लसूण आमच्यात कच्चाच, सालासकट पडतो. डंकावर रांग असते, तरी स्वतः समोर उभं राहा. आधीच्या गिऱ्हाइकाच्या चटणीचा राहिलेला घाणा आपल्यात मिसळला की आठवडाभराची मेहनत गेली.

डंक जवळ नसेल तर पाव पट प्रमाण घेऊन मिक्सरवर करा. थांबून थांबून फिरवा, भांडं तापलं तर मसाल्याचा वास उडतो. चव डंकाची येत नाही, पण शहरातल्या फ्लॅटमध्ये एवढंच जमतं.

कुटून आणलेली चटणी गरम असते. सुती कापडावर रात्रभर पसरा आणि पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. वर हिंगाचे दोन खडे ठेवून बरणीच्या तोंडाला दादरा, म्हणजे फडकं, बांधा. आठ दिवस तरी बरणी उघडू नका, लसूण मुरायला तेवढा वेळ लागतो. आमच्याकडे मात्र पहिल्याच रात्री वाटीभर बाहेर काढतात, कच्चं शेंगतेल ओतून, ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर.