जुन्या गोव्यातला हरवलेला बाजार कसा बघायचा

पाहुणे आले की आपण त्यांना बॉम जेझू, सी कॅथेड्रल ही चर्च दाखवतो, फोटो काढतो आणि परत पणजीला. बाजार कुणी दाखवत नाही, कारण दाखवायला एक दुकानसुद्धा उरलेलं नाही. पण जरा तयारी करून गेलात तर तोही दिसतो.

आधी घरबसल्या एक काम करा. लिन्शोटेन नावाचा डच माणूस १५८३ ला आर्चबिशपचा सेक्रेटरी म्हणून इथे आला होता, त्याच्या १५९६ च्या पुस्तकात रुआ दिरैतावरच्या म्हणजे इथल्या मुख्य रस्त्यावरच्या लिलावाचं चित्र आहे, नेटवर मिळतं, मोबाईलमध्ये सेव्ह करा. रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळी हा लिलाव चालायचा, अरबी घोडे, मसाले, मेलेल्यांचं घरसामान आणि त्यातच गुलाम, म्हणजे जिवंत माणसं पण विकायला. चित्र इतकं छान काढलंय की नजर तिकडे उशिरा जाते, म्हणून मुद्दाम आधी तेच शोधा.

मग हातकातरो खांब. पाटीच्या भरवशावर राहू नका, गांधी सर्कलजवळ कुणालाही विचारा, आणि पोरं बरोबर असतील तर हात धरा, खांब रस्त्याला लागूनच आहे. धर्म बदलायला नाही म्हणणाऱ्यांचे हात इथे तोडायचे म्हणून हे नाव, असं सगळे सांगतात. आता ऐकताना थोडं वेगवेगळं करून ऐका. असे खांब पोर्तुगीज शहरांमध्ये असायचेच, पेलोरिन्यु म्हणतात त्याला, शहराच्या कायद्याची खूण आणि गुन्हेगाराला बांधून चारचौघांत फटके मारायची जागा. इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा अंमल १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, हे पण खरंच. म्हणून माझं मत, गोष्ट सांगा, पण गोष्ट म्हणून सांगा, दरारा खरा होता आणि नाव त्यातूनच टिकलं असणार.

तिथून चालत नदीकडे उतरा. दोन्ही बाजूंना माड दिसतात, तोच रुआ दिरैता. रोगराईने शहर ओस पडलं, १८४३ ला राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली आणि इथल्या पडक्या घरांचे दगडसुद्धा तिकडच्या बांधकामांना गेले. सेंट कॅजेटन चर्चजवळ आदिलशाही वाड्याचं नुसतं दार उभं आहे, ते चुकवू नका, खरं तर मला तेच जास्त आवडतं. शेवटी व्हाइसरॉयची कमान. ती वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने बांधली, सध्याची १९५४ ची पुनर्बांधणी. नदीच्या बाजूला वास्को दिसतो, पण शहराच्या बाजूला जाऊन बघाच, आडव्या पडलेल्या माणसावर पाय देऊन उभी बाई आहे. आलेल्या प्रत्येकाला इथली मालकी कुणाची ते त्यातूनच कळत असणार.

सकाळी लवकर जा, ऊन कमी आणि टूरच्या बसेस पण कमी. ३ डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या आसपास यातलं काही धड बघता येत नाही, एवढी गर्दी, पण तेव्हा फेरी म्हणजे जत्रेचा बाजार भरतो आणि खाजें हा गोड खाऊ मिळतो, तेवढ्यासाठी वेगळी चक्कर मारा.