मानेतली नस जाळायला सांगितलीय? आधी डॉक्टरांना हे विचारा

आमच्या काकांची बाग रत्नागिरीजवळ. आंबाकाढणीत झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, धरून मान वर केली की उजव्या बाजूला कळ यायची ती पार खांद्यापर्यंत. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे सुईने उष्णता देऊन नस जाळणं) सांगितलं, म्हणाले एक टेस्ट इंजेक्शन देऊ आणि गुण आला तर पुढच्या आठवड्यात करून टाकू. मग मुलाकडे मुंबईला गेले तिथल्या डॉक्टरांनी पण आरएफच सांगितलं, पण दोन वेळा टेस्ट केल्याशिवाय नाही म्हणाले. काकांना वाटलं दोघांपैकी एक जण फसवतोय. तसं नसतं हो, या ट्रीटमेंटमध्ये डॉक्टरांच्या पद्धतीच वेगवेगळ्या आहेत, म्हणून आपण विचारून घ्यायचं.

आधी थोडक्यात सांगतो. मानेच्या मणक्यांना मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, त्यांचं दुखणं बारीक नसांमधून मेंदूकडे जातं. आरएफमध्ये सुईच्या टोकाशी उष्णता देऊन ती नस बंद करतात. सांधा बरा होत नाही, नस पुन्हा वाढते आणि दुखणं परत येऊ शकतं. १९९६ साली गाडीच्या अपघातानंतर मान दुखणाऱ्या २४ जणांवर चाचणी झाली होती, त्यात खरं आरएफ झालेल्यांचं दुखणं निम्म्यावर परत यायला मधला आकडा २६३ दिवसांचा आला आणि नुसती सुई घातलेल्यांचा ८ दिवसांचा.

हात बधिर होतोय, पकड सुटतेय, चालताना तोल जातोय असं असेल तर आरएफचा विषय बाजूला ठेवा आणि आधी ते दाखवा, ते दुखणं वेगळं असू शकतं. आणि एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणजे तोच सांधा दुखतोय असं अजिबात समजू नका, चाळिशी-पन्नाशीनंतर झीज खूप जणांना दिसते.

खरं महत्त्व टेस्ट इंजेक्शनला आहे, त्याला ब्लॉक म्हणतात. त्या नसेजवळ भूल द्यायचं औषध अगदी थोडं, अर्ध्या मिलीपेक्षाही कमी, सोडतात. किती वेळा करणार ते विचारा. एकदाच केलं तर नुसत्या आशेनं बरं वाटण्याची शक्यता राहते, म्हणून काही डॉक्टर आणखी एखाद्या दिवशी वेगळं औषध देऊन पुन्हा करतात, एकदा लिग्नोकेन आणि एकदा जास्त वेळ टिकणारं बुपिव्हाकेन. किती टक्के फरक पडला तर पुढे जाणार हेही विचारा, कोणी ५० म्हणतं कोणी ८०. झोपेचं इंजेक्शन शक्यतो नको म्हणा, गुंगीतच बरं वाटलं तर टेस्ट कशाची झाली?

ब्लॉक झाल्यावर झोपून राहू नका. काकांनी दोन्ही वेळा तासाभराने झेला धरल्यासारखं करून मान वर करून पाहिली, आणि काकूने कालनिर्णयच्या मागे दर अर्ध्या तासाला दहापैकी किती दुखतंय ते लिहिलं. पहिल्यांदा ७ वरून २ वर आलं आणि संध्याकाळी परत ६. औषध उतरलं की दुखणं परत येणारच, त्यात घाबरायचं काही नाही. हा कागद डॉक्टरांना दाखवा, नुसतं 'बरं वाटलं' सांगण्यापेक्षा तो फार उपयोगी पडतो.

मग आरएफचंच विचारा. साधारण ८० अंश उष्णता ९० सेकंद देतात, पण यातही कमीजास्त करतात. सुई नसेला समांतर ठेवणार की उभी टोचणार हे जरूर विचारा, कारण जळतं ते मुख्यतः सुईच्या अंगाभोवती, टोकाच्या पुढे फारसं नाही, त्यामुळे समांतर ठेवली तर नसेचा लांब तुकडा बंद होतो. आणि 'पल्स्ड' म्हणत असतील तर ते वेगळं, त्यात तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत आणि नस जळत नाही, दोन्ही एकच समजू नका.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. झाल्यावर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे मान जास्त दुखते, मागची कातडी बधिर किंवा चुरचुरल्यासारखी वाटते. वरच्या सांध्याची नस असेल तर चक्करही येऊ शकते म्हणून त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घाटातून येऊ नका. काकांनी जानेवारीत करून घेतलं, दुखरे आठवडे काढणीआधी संपावेत म्हणून, आणि मार्चअखेर पहिली पेटी भरली तेव्हा झेला त्यांच्याच हातात होता.