किंग क्रॅब निसर्गात शोधताना

किंग क्रॅब या थंड समुद्रातल्या खेकड्याच्या शोधाची सुरुवात पाय मोजण्यापासून करावी. आपल्याकडच्या चिंबोरीला नांग्यांखेरीज पायांच्या चार जोड्या दिसतात आणि शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते. किंग क्रॅबला मात्र नांग्यांखेरीज तीनच जोड्या दिसतात, कारण शेवटची बारीक जोडी कवचाखाली कल्ल्यांच्या पोकळीत दुमडलेली असते. तो रिकाम्या शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबचा जवळचा नातलग आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या, घोड्याच्या नालेसारख्या प्राण्यालाही कुठेकुठे किंग क्रॅब म्हणतात, पण तो कोळी-विंचवांच्या कुळातला असल्याने ही गल्लत आधीच दूर केलेली बरी.

त्यानंतर समुद्र ठरवावा. किंग क्रॅबच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी तांबड्या किंग क्रॅबला थंड पाणी लागते, म्हणून कोकणच्या उबदार किनाऱ्यावर त्याचा शोध व्यर्थ आहे. त्याचे मूळ घर म्हणजे अलास्का व रशिया यांमधला बेरिंग समुद्र, अलास्कातील ब्रिस्टल उपसागर व कोडियाक बेट, तसेच रशियाच्या पूर्व टोकाकडचे कामचाटका आणि ओखोत्स्क समुद्र. निळी जात बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलोफ व सेंट मॅथ्यू बेटांभोवती तुटक तुटक वस्तीने राहते, तर सोनेरी जात अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या तीव्र उतारांवर, बहुधा २०० मीटरहून खोल असते. दक्षिण गोलार्धात, दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, तिएर्रा देल फुएगो आणि बीगल खाडीत तिचीच एक भाऊबंद जात मिळते.

नकाशाइतकेच ऋतू आणि वय पाहणे महत्त्वाचे आहे, आणि माझ्या मते बहुतेकांची चूक इथेच होते. प्रौढ तांबडे खेकडे हिवाळ्याच्या अखेरीस कात टाकण्यासाठी व समागमासाठी उथळ पाण्यात येतात आणि नंतर अन्नासाठी खोल, सपाट, वाळू-चिखलाच्या तळाकडे परततात. पहिल्या वर्षाची पिल्ले मात्र गोटे, शिंपल्यांचे ढीग आणि तळाला चिकटलेल्या जीवांच्या झुडपांत एकेकटी दडलेली असतात. दोनएक वर्षांची झाली की ती हजारोंनी एकमेकांवर चढून ढीग करतात. पाणबुड्याला दुरून काटेरी खडक वाटावा असा तो ढीग जवळ गेल्यावर हलताना दिसतो.

प्रवाशांना सर्वांत सोयीची जागा म्हणजे उत्तर नॉर्वेतील किर्केनेस. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात देशाच्या अतिपूर्वेकडील खेकडे वायव्येकडच्या मुर्मान्स्क किनाऱ्यावर सोडले आणि त्यांची संतती पुढे नॉर्वेच्या फियॉर्डांत, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्यांत, पसरली. तिथे हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याला भोक पाडून खाली सोडलेला पिंजरा जाणकार वाटाड्यासोबत वर ओढता येतो.