सर्वज्ञ काकांना मुंबईच्या आपत्तींबद्दल प्रश्न कसे विचारावेत

प्रत्येक कट्ट्यावर असे एक काका असतातच. पूर, स्फोट, प्लेग, भूकंप, कशाचाही विषय निघू द्या, काकांचा घसा खाकरलाच म्हणून समजा. "तुम्हा लोकांना खरं कुणी सांगितलंच नाही," ही सुरुवात. मग आकडे, मग एक गुपित, आणि शेवटी "आमचे मामा तिथेच होते." काकांना गप्प करायचं नाही, ते जमणारही नाही. त्यांच्या बोलण्यातलं खरं-खोटं वेगळं कसं काढायचं, एवढंच बघू.

पहिली पायरी: प्रश्न लहान ठेवा. "१९४४ साली गोदीत काय झालं हो काका?" असं विचारलंत तर तासभर अडकलात. "जहाजात माल काय काय होता?" एवढंच विचारा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, वर कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या, शिवाय सोन्याच्या विटा. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात भरली, यातच अपघाताचं निम्मं कारण आलं. दुपारी आग दिसली, बंबवाले पाणी मारत राहिले, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ज्याला मालाची यादी सांगता येते, त्याने निदान काहीतरी वाचलेलं असतं. काका मात्र यादी सोडून थेट जपानी पाणबुडीवर जातात.

ही पाणबुडी पुढे कामाला येते, म्हणून दुसरी पायरी: गुपित आलं की "हे कळलं कसं?" असं विचारा. आवाजात कुचकेपणा नको, कुतूहल असू द्या. पाणबुडीची अफवा कशी पसरली असेल, हे समजायला अवघड नाही. युद्ध चालू होतं, बातम्यांवर सेन्सॉर होता, सरकारने स्फोटाची सविस्तर बातमी छापू द्यायला मे उजाडला, आणि तोवर परकी रेडिओने ती सांगूनही टाकली होती. तोंड बंद केलेल्या शहरात अफवा पिकणारच. पण चौकशीत घातपाताचा पुरावा मिळाला नाही. "सरकारने दडपलं" हे काकांचं हुकमाचं पान आहे. त्यातला सेन्सॉर खरा, पाणबुडी नाही. दोन्ही एका दमात सांगितल्यामुळे खऱ्याच्या आडोशाने खोटंही पचून जातं.

मृतांचा आकडा विचारलात तर सावध राहा. या स्फोटाचे आकडे सुमारे ८०० पासून १,३०० पर्यंत सांगितले जातात. सरकारी मोजणी वेगळी, अंदाज वेगळे. "नक्की किती" हे ठासून सांगणाऱ्यापेक्षा "मोजलं कुणी त्यावर आहे" म्हणणारा अधिक भरवशाचा. अग्निशमन दलाचे ६६ जवान मात्र नावानिशी नोंदलेले आहेत. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

तिसरी पायरी बेरीज-वजाबाकीची. काकांचं आवडतं वादळ १८८२ चं. "६ जूनला मुंबईत लाखभर माणसं वाहून गेली!" हे वादळ बऱ्याच जुन्या याद्यांत छापलेलंही आहे, म्हणून काकांना एकट्याला दोष देता येत नाही. पण १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. लाखभर म्हणजे दर आठांतला जवळपास एक माणूस गेला, आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत त्याची ओळसुद्धा नाही? कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून आहे. तिच्या नोंदीतही असं वादळ नाही. अभ्यासकांनी शोध घेतला आणि निष्कर्ष काढला की ते झालंच नव्हतं. एका यादीतून दुसरीत उतरत गेलेली ही गोष्ट आहे. मला विचाराल तर सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची: आधी शहर केवढं होतं ते बघा, मग आकडा ऐका.

चौथी पायरी: "कुठे मोजलं?" २६ जुलै २००५ ला "मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस" पडला, हे आपण सगळेच म्हणतो. ती नोंद सांताक्रूझची. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. दक्षिण मुंबईत राहणारे काका "काही विशेष नव्हता हो" म्हणाले आणि कलिन्याच्या काकू त्यांच्यावर खवळल्या, तर दोघांचंही खरं असू शकतं.

अडचणीत आले की काका आपत्ती बदलतात. स्फोटावरून रामदास बोटीवर, बोटीवरून कोयनेवर. रामदास १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्यात धरण फुटलं नाही. फुटलं ते पानशेत, १२ जुलै १९६१ ला, आणि पूर पुण्यात आला. काका या दोन धरणांची हमखास गल्लत करतात. लगेच खोडू नका, तारखा टिपून ठेवा.

तपासायला जाणार असाल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि काळाघोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुरालेखागार ही ठिकाणं आहेत. जाण्याआधी प्रवेशाचे नियम फोनवर विचारून घ्या.

काकांचं जे बरोबर असेल ते चारचौघांत मान्य करा. १८९६ च्या प्लेगचा पहिला रुग्ण मांडवीत सापडला आणि तो डॉ. व्हिएगस यांनी ओळखला, हे ते छातीठोकपणे सांगतात आणि ते खरं आहे. मेट्रो सिनेमाजवळ डॉक्टरांचा पुतळाही आहे. काकांना एकदा अशी दाद मिळाली की पुढची दुरुस्ती ते ऐकून घेतात. ती करताना "काका, चुकलं" म्हणू नका, "काका, १८८२ ची वेधशाळेतली नोंद कशी काढायची?" असं विचारा. उत्तर त्यांना येत नाही, पण तुमच्याबरोबर यायला ते तयार होतात, आणि वाटेत चहा त्यांच्याकडूनच वसूल करायचा.