‘वॉव’, ‘हुर्रे’, ‘युरेका’ वापरताना या चुका टाळा

इंग्रजीच्या व्याकरणात ‘हुर्रे! वी हॅव वन द मॅच’ आणि ‘अलास! ही इज डेड’ ही दोन वाक्यं आपण सगळ्यांनीच घोकली आहेत. त्यातलं ‘अलास’ पुस्तकातच राहू द्या. आज कुणाच्या निधनाची बातमी ऐकून ते म्हटलंत, तर संगीत नाटकातलं पात्र बोलल्यासारखं वाटेल. तिथे ‘ओ नो’, ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ एवढं पुरे. ‘हुर्रे’ अजून चालतं, पण मुख्यतः घोळक्यात: एकाने ‘हिप हिप’ म्हणायचं, बाकीच्यांनी ‘हुर्रे’. एकट्याच्या आनंदाला साधं ‘येस!’ बरं.

‘युरेका’ तर लोक कुठेही फेकतात. बढती मिळाली, युरेका! अहो, मिळणं वेगळं आणि उलगडणं वेगळं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘मला सापडलं’. आर्किमिडीज न्हाणीतून तसाच ओरडत धावला, ही कथा लिहून ठेवली रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने, तीही सुमारे दोनशे वर्षांनी. तेव्हा ती कितपत खरी, देव जाणे! पण शब्द शोधाला चिकटला तो चिकटलाच. कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोनं सापडलं आणि १८४९ च्या राज्यमुद्रेवर ‘युरेका’ आलं. अडलेलं गणित सुटलं, प्रोग्रॅममधली चूक हाती लागली, तर खुशाल म्हणा.

‘वॉव’मध्ये गोम सुराची आहे. कुणी नोकरी गेल्याचं सांगितलं आणि तुम्ही उंच, खणखणीत आवाजात ‘वॉव!’ म्हणालात, तर समोरचा दुखावेल. तोच शब्द खालच्या सुरात, लांबवून आला की ‘बाप रे’ होतो. चॅटवर सूर दिसत नाही, म्हणून वाईट बातमीवर तो टाकूच नये. ‘ओ माय गॉड’ काही श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना खटकतं; त्यांच्यासमोर ‘माय गुडनेस’ किंवा ‘गॉश’ म्हणा.

आता आपली खास चूक: ‘व्हॉट अ ब्यूटिफुल!’ पुढे नाम हवंच, ‘व्हॉट अ ब्यूटिफुल हाउस!’ नाम नको असेल तर ‘हाउ ब्यूटिफुल!’ वाक्य पुरं करायचं तर ‘हाउ ब्यूटिफुल इट इज!’ इथे ‘इज इट’ केलंत की उद्गाराचा प्रश्न होतो, आणि मराठी माध्यमातली भलीभली मंडळी इथेच घसरतात.

‘व्वाला’ (voila) हा ‘हे बघा, झालं!’ अशा अर्थाचा फ्रेंचमधून आलेला उद्गार. लिहिताना त्याच्या स्पेलिंगमध्ये ओ आणि आय यांची अदलाबदल झाली, की व्हायोला हे वाद्य उभं राहतं. आणि उद्गारचिन्ह एकच द्या. ऑफिसच्या मेलमध्ये तर तेही फक्त अभिनंदनापुरतं.